ऑफिसातला मान आणि रखडलेली कामं

महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल किती दिवस राहावी हे कायद्याने सांगितलेलं आहे. ‘दप्तर दिरंगाई कायदा’ या नावाने ओळखला जाणारा 2005 चा अधिनियम 1 जुलै 2006 पासून लागू झाला. त्यानुसार अत्यंत तातडीची फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी, तातडीची चार दिवसांत निघावी, आणि एरवी कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. प्रकार ठरलेला, मुदतही ठरलेली. तरी टेबलावर दहा फाइली असल्या की पहिली कुठली उघडायची हे माणूस मनातल्या वेगळ्याच हिशेबाने ठरवतो. ही कुणी पाठवली? हिच्यात आपल्याला न येणारं काही आहे का? आणि ही राहिली तर कुणाच्या नजरेतून आपण उतरू? खासगी कंपनीत फाइलच्या जागी टिकिट (संगणकावर नोंदलेली तक्रार किंवा काम) किंवा ईमेल असतो. हिशेब तोच.

चालढकलीचा विषय निघाला की आपण आळस, स्वभाव आणि मोबाइल यांच्याकडे बोट दाखवतो. पण तोच माणूस एका साहेबांचं काम तासाभरात करून देतो आणि दुसऱ्या कुणाचं काम आठवडाभर उघडतही नाही, तेव्हा स्वभाव हे उत्तर पुरत नाही. तिथे ऑफिसातला मान पाहावा लागतो, म्हणजे कुणाची किती वट आहे ते.

मान कुठून येतो

2008 साली ज्यो मॅगी आणि ॲडम गॅलिन्स्की या अभ्यासकांनी सत्ता आणि मान यांतला फरक नेमका मांडला. रजा मंजूर करणं, कामाचं वाटप, बढती, पैसा या गोष्टी हातात असणं म्हणजे सत्ता. इतरांच्या नजरेत असलेली किंमत म्हणजे मान. सत्ता आदेशाने मिळते. मान दुसऱ्यांनी द्यावा लागतो आणि ते तो काढूनही घेऊ शकतात. म्हणून नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याकडे सही असते, पण कुठला जीआर कुठे लागू होतो हे त्याच कार्यासनात वीस वर्षं काढलेल्या लिपिकालाच विचारतात. सही एकाची, शब्द दुसऱ्याचा.

हा मान नेहमी कामातूनच मिळतो असं नाही. समाजशास्त्रज्ञ जोसेफ बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960-70 च्या दशकांत दाखवलं, की एकत्र काम करायला बसलेली माणसं एकमेकांची कुवत माहीत नसताना बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधतात. स्त्री की पुरुष, शिक्षण काय, वय किती. आपल्याकडे यात जात, सफाईदार इंग्रजी, कायम की कंत्राटी, कुठल्या कॉलेजातून आला, हेही येतं. ज्याच्याकडून जास्त अपेक्षा, त्याला बोलायची संधी जास्त आणि त्याच्या चुकीकडे दुर्लक्षही जास्त. पुढे तो खरोखरच अधिक सक्षम दिसू लागतो. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला ती कुवत दाखवायला जागाच मिळत नाही. सुरुवातीला बसलेली ही घडी पुढे टिकून राहते, आणि पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

आधी एक वेगळं काढू

रखडलेलं प्रत्येक काम म्हणजे चालढकल नव्हे. मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी 2007 साली केलेली व्याख्या कामाची आहे: करायचं ठरवलेलं काम, पुढे ढकलल्याने आपलंच नुकसान होणार हे कळत असूनही, स्वतःहून पुढे ढकलणं. यातला ‘स्वतःहून’ हा भाग महत्त्वाचा. दुसऱ्याच्या सहीसाठी थांबलेला माणूस चालढकल करत नसतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी दफ्तरांत सहा गठ्ठा पद्धत वापरतात. तिच्यात प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा असतो. पहिल्यातलं काम आपल्याकडून व्हायचं आहे, दुसऱ्यातलं कुणाच्या तरी उत्तरासाठी अडलं आहे. ही विभागणी फार शहाणपणाची आहे आणि खासगी कंपन्यांनी ती तशीच्या तशी उचलावी. कारण मान कमी असलेल्या माणसाच्या टेबलावर प्रतीक्षाधीन कामं जास्त साठतात. त्याच्या ईमेलला उत्तर उशिरा येतं, त्याचा फोन ‘नंतर करतो’ म्हणून ठेवला जातो. महिनाअखेरीस दोन्ही गठ्ठे एकत्र मोजले की तोच संथ ठरतो, संथ ठरला की मान आणखी घसरतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या ईमेलला उत्तर यायला आणखी उशीर होतो.

मान चालढकलीत कसा शिरतो

स्टील आणि कॉर्नेलियस कोनिग यांनी 2006 साली एक साधं सूत्र मांडलं. एखादं काम हाती घेण्याची ओढ दोन गोष्टींनी वाढते: ते आपल्याला जमेल हा भरवसा आणि त्यातून मिळणारं मोल. दोन गोष्टींनी ती घटते: फळ किती लांब आहे आणि आपण किती चटकन विचलित होतो. यातली शेवटची गोष्ट स्वभावाची. पहिल्या तिन्हींत ऑफिसातला मान ढवळाढवळ करतो. अडलो तर कुणी मदत करेल का, यावर भरवसा ठरतो. श्रेय आपल्या नावावर लागेल का, यावर मोल ठरतं. केलेलं काम कुणी आजच पाहणार की महिनाभर तसंच पडून राहणार, यावर फळाचं अंतर ठरतं. ज्याचं काम कुणी उघडूनही पाहत नाही त्याच्यासाठी भरवसा आणि मोल दोन्ही घटतात आणि फळ लांब जातं.

याला भावनेची बाजूही आहे. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांच्या 2013 सालच्या मांडणीप्रमाणे चालढकल ही मुळात वेळेची गडबड नसते. कामाकडे पाहिल्यावर मनात जे खुपतं त्यापासून तेवढ्यापुरती सुटका करून घेणं म्हणजे चालढकल. ऑफिसात खुपणारी गोष्ट बहुतेक वेळा ‘लोक काय म्हणतील’ हीच असते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे मदत मागणं. पीटर ब्लाउ यांनी अमेरिकेतल्या एका केंद्रीय सरकारी कार्यालयाचा बारकाईने अभ्यास केला आणि 1955 साली तो पुस्तकरूपाने आला. खासगी संस्था कायदा पाळतात की नाही हे तपासणं हे तिथल्या निरीक्षकांचं काम. अडचण आली तर फक्त आपल्या पर्यवेक्षकाला विचारायचं, सहकाऱ्याला नाही, असा नियम होता. पण मूल्यमापन पर्यवेक्षकाच्याच हातात! त्याला विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे त्याच्यासमोर कबूल करणं. म्हणून निरीक्षक नियम मोडून एकमेकांना विचारत. तेही फुकट नव्हतं. विचारणारा दरवेळी समोरच्याचं श्रेष्ठत्व मान्य करत होता आणि सांगणारा आपला वेळ देऊन त्या बदल्यात मान कमावत होता. ही किंमत वारंवार मोजायला नको म्हणून बहुतेकांनी आपल्या बरोबरीच्या कुणाशी जोडी जमवली. ‘आज तू सांग, उद्या मी’ अशा व्यवहारात कुणीच खाली जात नाही. सर्वांत जाणत्या माणसाकडे ते खरोखर अवघड प्रश्न घेऊनच जात. काही जण आणखी एक वाट काढत. ‘आज एक गमतीशीर प्रकरण आलंय’ म्हणत शेजाऱ्यासमोर मोठ्याने विचार करायचा. न विचारता उत्तर मिळतं आणि कुणाची मान खाली जात नाही.

आता ज्याची अशी जोडी जमलेली नाही त्याचा विचार करा. नवा माणूस, कंत्राटी ऑपरेटर, विभागातली एकटी स्त्री, दुसऱ्या गावाहून बदलून आलेला. पाच मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नासाठी त्याला किंमत मोजावी लागते आणि त्याच्याकडे मोजायला मुळात थोडंच आहे. तो फाइल बाजूला ठेवतो, सोपं काम काढतो, ‘उद्या बघू’ म्हणतो. बाहेरून हे कामचुकारपणासारखं दिसतं. ऑफिसांतली हळहळ वाटावी अशी बरीचशी दिरंगाई इथे जन्मते, आणि ती सुधारायलाही सर्वांत सोपी आहे.

वरच्या पायरीवरची चालढकल

मान भरपूर असलेली माणसंही कामं लांबवतात, फक्त त्यांची कारणं वेगळी. एडविन हॉलंडर यांनी 1958 साली मांडलं, की गटाच्या अपेक्षा पुरवत आलेल्या माणसाच्या खात्यात पत साठते आणि तिच्या जोरावर त्याला नियम मोडायची मुभा मिळते. त्याचा अहवाल दहा दिवस उशिरा आला तर ‘किती कामं असतात त्यांच्यामागे’ असं म्हणतात. कनिष्ठाचा तीन दिवस उशिरा आला तर ‘याचं नेहमीचंच’. उशिराची शिक्षा जिथे स्वस्त, तिथे उशीर वाढतो.

दुसरं कारण भीतीचं. ज्याला सगळे तज्ज्ञ मानतात त्याला नवशिका दिसणं परवडत नाही. हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर, पहिल्यांदाच करायचं सादरीकरण, अनोळखी विषयावरची टिपणी, अशी कामं त्याच्याकडे सर्वांत जास्त काळ पडून राहतात. काम होत नाही तोवर ‘त्यांनी केलं असतं तर उत्तमच झालं असतं’ हा समज टिकतो. जेनिफर मार आणि स्टीफन थाऊ यांच्या 2014 सालच्या अभ्यासात असं आढळलं, की मान घसरल्यावर आधी उंचावर असलेल्यांची कामगिरी खालच्यांपेक्षा जास्त ढासळते. बढती हुकलेला किंवा ‘बाजूला टाकलेला’ वरिष्ठ अचानक कामं रखडवू लागला तर त्याला मेमो देण्याआधी हे आठवावं.

गट वेग ठरवतो, आणि खालचा राबतो

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात 14 कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण झालं. टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडण्या करणं हे त्यांचं काम. जास्त काम, जास्त पैसे अशी व्यवस्था असूनही त्यांनी आपसांत दिवसाचा ‘पुरे’ असा आकडा ठरवला होता. त्याच्या पुढे जाणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे. सर्वांत कमी काम करणारा कामगार बुद्धिमापन चाचणीत पहिला आला होता आणि सर्वांत जास्त काम करणारा शेवटचा. ही व्याख्येतली चालढकल नाही, ठरवून राखलेला वेग आहे. पण वेग कुवतीवरून ठरतो असं समजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. त्याच खोलीत तारा जोडणारे वरचे आणि डाख लावणारे खालचे मानले जात. दोघं कामाची अदलाबदल करत, पण ती जवळजवळ नेहमीच वरच्याच्या मागणीवरून.

ही अदलाबदल आजही चालते. मिनिट्स लिहिणं, निरोप समारंभाची वर्गणी, ऑडिटसाठी झेरॉक्स, ‘जरा ही एक्सेल शीट बघून दे’. लिंडा बॅबकॉक, लीसा व्हेस्टरलुंड आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिघांच्या गटातल्या एकाने तोट्याचं काम स्वतःहून पत्करायचं होतं. मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट वेळा पुढे आल्या. गटात फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया असल्या की हा फरक उरला नाही. म्हणजे तो स्वभाव नव्हता, अपेक्षा होती. अशी कामं जिच्या माथी पडतात तिचं नेमून दिलेलं काम रखडतं, आणि मूल्यमापनात तेवढंच दिसतं.

तपासायचं कसं

दोन आठवडे नोंद ठेवा. सरकारी कार्यालयात आवक आणि कार्यविवरण नोंदवही असतेच, तिला दोन रकाने जोडले तरी पुरतं. एकूण रकाने सहा: काम आल्याची तारीख, कुणाकडून आलं, पहिल्यांदा हात लावल्याची तारीख, अडल्याची तारीख, कुणासाठी अडलं, पूर्ण झाल्याची तारीख. तिसरा आणि पाचवा रकाना सहसा कुणी ठेवत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते.

काम आल्यापासून हात लागेपर्यंतचं अंतर मोठं असेल तर टाळाटाळ किंवा ओझं आहे. हात लागल्यानंतर काम अडलं असेल आणि पाचव्या रकान्यात नाव असेल तर ती प्रतीक्षा आहे. नाव नसेल तर बहुधा मदत मागायची राहिली आहे. मग पहिलं अंतर दुसऱ्या रकान्याशी ताडून पाहा. साहेबांची कामं त्याच दिवशी उघडली जातात आणि शेजारच्या विभागातल्या कनिष्ठाची पाचव्या दिवशी, असं दिसलं तर वेळ कमी पडत नाही, क्रम मानावर लागतो आहे. नोंद सगळ्यांची हवी, विभागप्रमुखाचीही.

काय केलं तर फरक पडतो

विचारण्याची किंमत आधी खाली आणा. आठवड्यातून दोनदा 15 मिनिटं फक्त अडलेल्या कामांसाठी ठेवा आणि सुरुवात सर्वांत जास्त मान असलेल्या माणसाने स्वतःच्या खऱ्या अडलेल्या कामाने करावी. तो गप्प बसला तर विचारणं ही खालच्यांची खूण बनते. विचारताना तीनच वाक्यं: काय करायचं आहे, काय करून पाहिलं, कुठे थांबलो. तीन मिनिटांत उत्तर होत नसेल तर ते दोघांनी नंतर बसून करावं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बरोबरीचा एक जोडीदार नेमून द्या, साहेब नको. त्याला नियम सांगून ठेवा: अर्धा तास पुढे सरकलं नाही की विचारायचं. हा नियम असला की विचारणं कमीपणाचं राहत नाही, न विचारणं नियमभंग ठरतो.

वरच्यांसाठी दोन तारखा लावा. पहिली कच्च्या मसुद्याची, एकूण मुदतीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात; मसुदा वर ठळक ‘कच्चा’ लिहिलेला आणि दोनच माणसांनी पाहायचा. दुसरी पूर्ण कामाची. अपूर्ण काम दाखवायला अधिकृत परवानगी मिळाली की तज्ज्ञाला नवशिका दिसायची भीती कमी होते.

क्रमासाठी सोपी रीत: दिवसाचा पहिला तास सर्वांत जुन्या कामाला, ते कुणाचंही असो. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाप्रमाणे ‘कधी आणि कुठे’ हे आधीच ठरवलं तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘जुनी फाइल काढीन’ एवढ्यावर थांबू नका. ‘संगणक सुरू केला की ईमेलच्या आधी सर्वांत जुनी फाइल उघडीन’ असं ठरवा.

श्रेय नसलेल्या कामांची पाळी लावा. ‘कोण करेल?’ हा प्रश्न बैठकीत विचारूच नका, कारण कोण मान हलवणार हे सगळ्यांना माहीत असतं. आडनावांच्या क्रमाने यादी करून भिंतीवर लावा. पाळी बदलायला हरकत नाही, पण बदल यादीवर लिहिला गेला पाहिजे. तीन महिन्यांनी कुणाची पाळी कुणी केली ते तिथेच दिसेल.

हे कुठे फसतं

कुठलं काम कुठे आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून काही ऑफिसांत ते फळ्यावर लिहितात. त्यावर फक्त कनिष्ठांची कामं लिहिली की फळा मेला. लोक एका कामाचे पाच तुकडे करून पाच ‘पूर्ण’ दाखवतात आणि अवघड काम फळ्यावर येऊच देत नाहीत. प्रमुखाच्या सहीसाठी थांबलेली कामं, तारखेसह, त्याच फळ्यावर हवीत.

रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक अजून पेंडिंग’ असं नावानिशी टाकणं हा दुसरा घातक प्रकार. त्या माणसाला ते काम आता अधिक खुपू लागतं आणि खुपणारं काम तो अधिक टाळतो. विचारणा करायचीच तर एकट्याला, दिवसा, आणि ‘कुठे अडलंय?’ या शब्दांत. पंधरा मिनिटांच्या बैठकीत कुणी ‘एवढंही येत नाही?’ असं एकदा जरी म्हणालं, तरी पुढचे दोन महिने तिथे ‘काही अडलेलं नाही’ एवढंच ऐकायला मिळेल. ते तिथल्या तिथे थांबवणं हे प्रमुखाचं काम आहे.

हे सगळं करायला प्रमुख तयार नसेल तर खालच्या माणसाच्या हातात थोडंच उरतं, पण काही उरतं. बरोबरीची जोडी स्वतः जमवा. अडलेल्या कामावर ‘अमुक तारखेपासून अमुक उत्तराच्या प्रतीक्षेत’ अशी नोंद त्याच दिवशी करा आणि तिसऱ्या कामाच्या दिवशी लेखी स्मरणपत्र पाठवा, म्हणजे प्रतीक्षा तुमच्या नावावर चालढकल म्हणून लागणार नाही. आणि चौथं काम टेबलावर आलं की नाही म्हणायच्या ऐवजी साहेबांना विचारा: “माझ्याकडे ही तीन कामं आहेत, तारखा या अशा. हे घेतलं तर यांतलं कुठलं मागे ठेवू?” उत्तर तोंडी मिळालं तर दोन ओळींच्या ईमेलमध्ये ते लिहून त्यांनाच पाठवा.